अण्णांचा धनुष्यबाण

मस्कतमध्ये चार मराठी माणसं जमली की पहिला विषय मुलांच्या शाळेचा, दुसरा विमानाच्या तिकिटांचा आणि तिसरा हमखास महाराष्ट्राच्या राजकारणाचा. आम्ही अल हैलला राहतो, तिथेही काही वेगळं नाही. गेल्या काही वर्षांत मात्र या तिसऱ्या विषयाचा शेवट एकाच वाक्याने होतो: "सगळे सारखेच हो, मत देऊन उपयोग काय?" हे वाक्य मला पटत नाही. का पटत नाही, ते माझ्या वडिलांची गोष्ट सांगून सांगतो.

आमचे अण्णा रत्नागिरीचे, एस.टी.तून निवृत्त झालेले आणि कट्टर शिवसैनिक. पण कट्टर शिवसैनिकालाही तडजोड चुकत नाही. युतीच्या वाटपात रत्नागिरीची विधानसभेची जागा भाजपकडे असायची. त्यामुळे २००४ आणि २००९ साली अण्णांनी युतीधर्म म्हणून बाळ माने यांच्या कमळाला मत दिलं. समोर राष्ट्रवादीचे उदय सामंत होते आणि दोन्ही वेळा तेच निवडून आले. २०१४ साली युती तुटली, सामंत शिवसेनेत आले आणि धनुष्यबाण त्यांच्या हातात गेला. ज्यांच्या विरोधात दहा वर्षं प्रचार केला, त्यांच्याच पत्रकांचा गठ्ठा घेऊन अण्णा वाडीत फिरू लागले. आई म्हणाली, "अहो, परवापर्यंत नावं ठेवत होतात ना?" अण्णा म्हणाले, "माणसं येतात नि जातात. बाण आपला!"

पुढे बाणाचीच वाटणी झाली. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, ठाकरे गटाकडे मशाल आली. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा आमच्या मतदारसंघात मुख्य लढत कमळ आणि मशाल यांची होती. कमळावर नारायण राणे, म्हणजे शिवसेनेचेच एके काळचे मुख्यमंत्री. धनुष्यबाण यंत्रावर नव्हताच. त्या रात्री अण्णा फोनवर एवढंच म्हणाले, "देवळात गेलो, पण गाभारा रिकामा."

विधानसभेला तर कमालच झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये माने ठाकरे यांच्या शिवसेनेत आले आणि मशालीवर उभे राहिले. सामंत शिंदे यांच्याबरोबर, धनुष्यबाणावर. वीस वर्षांत तेच दोघे चौथ्यांदा समोरासमोर! मी कोणाला दोष देत नाही, पक्ष बदलायची प्रत्येकाची कारणं असतात. पण खाली काय होतं ते सांगतो. दादा बाणाकडे, काकांचा मुलगा मशालीकडे. त्या दिवाळीत फराळाची ताटं नेहमीसारखी या घरातून त्या घरात गेली नाहीत. आणि अण्णांनी जाहीर केलं, "यंदा मी मताला जाणार नाही."

पासपोर्ट भारताचा असेल तर परदेशात राहूनही आपलं नाव गावच्या मतदार यादीत घालता येतं. त्यासाठी ६-अ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. मी तो भरला होता. मत मात्र तिथे जाऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच द्यावं लागतं. २० नोव्हेंबरचं मतदान ओमानच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीला जोडून आलं होतं, म्हणून मी निघालो. ऑफिसातला ओमानी सहकारी चकित झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मजलिस अल शूराचं मतदान इथे मोबाइलच्या ॲपवरून झालं होतं. शिवाय इथे पक्ष नाहीत, उमेदवार स्वतःच्या नावावर उभा राहतो. त्याने विचारलं, "तुम्ही माणसाला मत देता की चित्राला?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी घरी पोहोचलो.

अण्णांना मी म्हटलं, "अण्णा, तडजोड तुम्हीही केलीत. कमळाला मत दिलंतच की."

"दिलं," ते म्हणाले. "पण ती तडजोड मताच्या आधी मला सांगितली होती. मी मान डोलावली, मग बटण दाबलं. आताची तडजोड मत घेऊन झाल्यावर होते. मला कोण विचारतो?"

मला वाटतं, सगळ्या वैतागाचं मूळ इथे आहे. २०१९ साली भाजप-शिवसेनेने युती म्हणून मतं घेतली आणि महिनाभरात वेगळ्याच आघाडीचं सरकार आलं. पुढच्या पाच वर्षांत दोन पक्ष फुटले. आधी विरोधात असलेले सत्तेत आले, सत्तेतले विरोधात गेले. १९८५ साली पक्षांतरबंदी कायदा आला, २००३ साली तो आणखी कडक झाला. पण तो आमदाराने पक्षाशी इमान राखावं यासाठी आहे. पक्षाने मतदाराशी इमान राखावं यासाठी कुठलंच कलम नाही. तिथे मतदाराच्या हातात एकच गोष्ट उरते, पुढचं मत.

मी अण्णांना तेवढंच म्हटलं. "तुम्ही गेला नाहीत तर कोणाचंच बिघडत नाही. उलट तुमच्यासारखा हिशेब मागणारा माणूस घरी बसला, तर त्यांना बरंच आहे."

संध्याकाळी दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते एकापाठोपाठ येऊन गेले. सगळी पोरं एकाच शाखेत वाढलेली. अण्णांनी दोघांनाही चहा दिला आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारला: "पाच वर्षं इथेच राहणार ना?" दोघेही हसले. अण्णा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते आमच्या आधी तयार होते. कोणाला मत दिलं ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही. पूर्वी ते सगळ्या वाडीला ठाऊक असायचं! निकाल २३ तारखेला लागला, सामंत निवडून आले. मी फोन केला तर अण्णा म्हणाले, "बघू आता काय करतात ते. यापुढे मी कोणाचा नाही. ज्याला माझं मत हवं, त्याने दर वेळी येऊन मागावं."

आयुष्यभराची निष्ठा सोडणं सोपं नसतं. त्यांच्या आवाजात ते कळत होतं. पण ही निराशा नव्हती. निष्ठा पक्षाकडून काढून त्यांनी स्वतःकडे परत घेतली होती, आणि मत चालू ठेवलं होतं.

काकांकडचं ताट अजून आलेलं नाही. आई मात्र दर सणाला आपलं पाठवते.

आपल्या मंडळातल्या किती जणांची नावं गावच्या यादीत आहेत? प्रत्येक निवडणुकीला जाणं जमणार नाही, मला तरी कुठे जमतं? पण नाव तर असू द्या. सुट्टी आणि मतदान कधीतरी जुळून येईल, तेव्हा "काय उपयोग" म्हणायच्या आधी एकदा मत मागणाऱ्याला विचारता येईल, "पाच वर्षं इथेच राहणार ना?"