मोटरवर रेटिंग नाही, म्हणून ती भंगार?

गावातल्या भंगाराच्या दुकानात मागच्या महिन्यात जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आले. दुकानदाराचा मुलगा नववीत. त्याने त्यातल्या स्टेपर मोटर काढल्या आणि विज्ञान प्रदर्शनासाठी चित्र काढणारं यंत्र करायला घेतलं. शाळेतून उत्तर आलं, "मोटरवर रेटिंग नाही. जळली तर जबाबदार कोण? नवीन किट आणा, नाहीतर तक्ता करा."

पोरगं गुपचूप तक्ता रंगवायला बसलं. किट त्याच्या बापाला परवडणारं नव्हतं.

खरं सांगतो, सरांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण उत्तर शोधता येतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मग आम्हीच बसलो.

पहिली चूक माझी. "मोटर आहे ना, लाव बॅटरी," म्हणालो. गाडीची 12 व्होल्टची बॅटरी थेट लावली. मोटर फिरली नाहीच, नुसती घट्ट धरून बसली. थोड्या वेळात वार्निश जळाल्याचा वास. एक मोटर गेली. डिप्लोमा पत्रकारितेचा, दुसरं काय होणार!

दुसऱ्या वेळी आधी मोजलं. मोटर 42 मिलिमीटर चौरस, वायर चार, म्हणजे दोन कॉइल. कुठल्या दोन वायर एका कॉइलच्या? दोन टोकं एकमेकांना जोडून शाफ्ट फिरवायचा. जड लागला तर जोडी बरोबर. मग मल्टिमीटरच्या पिना एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा केला. कॉइल निघाली 5 ओहमची.

आता हिशेब. एवढ्या आकाराची मोटर साधारण 5 वॅट उष्णता सहज बाहेर टाकते, असं धरलं. दोन कॉइलमध्ये वाटली तर प्रत्येकी अडीच. अडीच भागिले 5 म्हणजे अर्धा, त्याचं वर्गमूळ 0.7. म्हणजे 0.7 अँपिअर. माझ्या बॅटरीने दिले होते 2.4!

पण हा अंदाजच. खात्री कशी करायची? करंट मर्यादित ठेवणारा ड्रायव्हर लावला, 0.3 पासून हळूहळू वाढवत 0.7 पर्यंत नेलं आणि अर्धा तास थांबलो. बाहेरून हात ठेववत नव्हता. पोरगं घाबरलं, "काका, ही पण गेली." वीज बंद करून लगेच कॉइल मोजली : 6 ओहम. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्का वाढतो. 20 टक्के वाढला, म्हणजे कॉइल 50 अंशांनी तापली. खोलीचे 27 धरले तर 77 च्या आसपास. अशा मोटरींना एवढं चालतं. फक्त प्लास्टिकला चिकटवून बसवायची नाही.

हे सगळं वहीत लिहून शाळेत दिलं. प्रवेश मिळाला, पण "जोखीम पालकांची" अशा कागदावर सही घेऊन. सही करताना बाप म्हणाला, "साहेब, कागद नसला की आम्ही माल किलोवर घेतो. शाळेतही तसंच असतं होय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यंत्राने काढलेलं वर्तुळ बटाट्यासारखं आलं. नंबर नाही आला. पण पोरगं आता दुकानात आलेली प्रत्येक मोटर आधी मोजतं, मग वजनकाट्यावर ठेवतं.

शाळा व्यवस्थापन समितीत असलेल्या मंडळींना एकच विनंती. किटच्या खरेदीआधी काही शे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि तो कपाटात कुलूप लावून ठेवू नका. तुमच्या ऑफिसात बंद प्रिंटर असेल तर विकण्याआधी जवळच्या शाळेला विचारा. एक काळजी मात्र घ्या : त्यातला पॉवर सप्लाय पोरांना उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

तुमच्या गावच्या शाळेत मल्टिमीटर आहे का? असेल तर मुलांच्या हातात शेवटचा कधी आला? खाली लिहा.