एका पंख्याचा पाठभेद

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या घरच्या जुन्या मोटारीला विजेचा पंखा बसवून घेतला. घटना एवढीच आहे. कोणत्याही गॅरेजात अर्ध्या दिवसात उरकणारे हे काम. तरीही तो निर्णय घ्यायला आम्हांला चौदा महिने लागले आणि त्या चौदा महिन्यांत, वर्गात इतकी वर्षे शिकवलेल्या एका विषयाबद्दलची आमची समजूत पुन्हा तपासून पाहावी लागली. म्हणून हे टिपण.

मोटार म्हणजे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटालियन फियाट ११०० ची ही भारतीय आवृत्ती तयार होत असे. १९६४ पासून ती 'फियाट ११०० डिलाइट' होती, १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. लोकांच्या तोंडी मात्र ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. चितोडच्या ज्या राणीची कथा अग्नीत संपते तिचे नाव, घाटात हमखास तापणाऱ्या गाडीला द्यावे, यातला विनोद नामकरण करणाऱ्यांच्या ध्यानात आला नसावा. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. आमची मात्र खाजगी, घरची, आणि अण्णांची, म्हणून टिकली.

अण्णा म्हणजे आमचे वडील. ते गेले त्याला आता नऊ वर्षे झाली. गाडीच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता : आहे तशी ठेवायची. चाकांवर नव्या फॅशनच्या तबकड्या नकोत, कर्कश भोंगा नको, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर काढून जमिनीवर आणणे तर नकोच. तो नियम आम्ही वारसाहक्काने घेतला आणि, सांगायला हरकत नाही, त्याचा थोडा अभिमानही बाळगला.

या गाडीत रेडिएटरमागचा पंखा इंजिनाच्याच जोरावर फिरतो. इंजिनाच्या पुढच्या टोकावरून एक पट्टा निघतो. तोच पाण्याचा पंप फिरवतो, तोच डायनामो फिरवतो, आणि पंपाच्या आसावर बसवलेली पाती त्याच्यासोबत फिरतात. रचना साधी आहे आणि सहसा दगा देत नाही. पण तिच्यात एक मूलभूत विसंगती आहे. गाडी भरधाव असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करायला पुरेसा असतो. नेमका तेव्हाच पंखा सर्वांत जोरात फिरतो आणि इंजिनाची शक्ती फुकट खातो. उलट गाडी वाहनांच्या रांगेत उभी राहते, समोरून वारा येत नाही, तेव्हा इंजिन मिनिटाला जेमतेम सात-आठशे फेरे घेते आणि पंखाही तितकाच मंदावतो. गरज सर्वांत जास्त तेव्हा मदत सर्वांत कमी. ज्या काळात रस्ते मोकळे होते त्या काळात ही विसंगती झाकली जाई. तरीही खंबाटकी घाटात मालमोटारींच्या मागे रांगत चढताना काटा लालकडे सरकू लागे, आणि अण्णा गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडून ठेवत. मग अर्धा तास थांबणे. तापलेल्या रेडिएटरची टोपी उघडायची नाही, उकळते पाणी अंगावर येते, हा आयुष्यातला पहिला शास्त्रीय नियम आम्ही त्या कठड्यावर बसून, डब्यातल्या पोळीभाजीसोबत शिकलो.

आईचे माहेर वाईचे. तिला आता ऐंशीवे लागले आहे. दोन वर्षांपूर्वी तिने म्हटले, "एकदा वाईला जाऊन येऊ. पण याच गाडीतून." आम्ही निघालो आणि शिरवळच्या अलीकडे, वैशाखातल्या भर दुपारी, दोन किलोमीटरच्या रांगेत अडकलो. काटा लाल झाला, बॉनेटखालून वाफ आली, आणि आईला सव्वा तास रस्त्याकडेच्या टपरीच्या सावलीत बसवून ठेवावे लागले. तिथूनच परतलो. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र म्हणाली, "राहू दे. आता मी बसनेच जाईन म्हणते." ते वाक्य आम्हांला लागले.

मिस्त्रींचा सल्ला तत्काळ होता : "सर, मारुती आठशेचा पंखा टाकू. विसरून जाल गरम होणं." विजेचा पंखा इंजिनाच्या वेगाशी बांधलेला नसतो, पाणी ठरावीक तापमानाला पोचले की तो सुरू होतो, उतरले की थांबतो. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले असल्याने पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर येणेच शक्य नव्हते. म्हणून १९८३ साली आलेल्या त्या गाडीला विजेचा पंखा होता. आता तो सुटा मिळतो, स्वस्त मिळतो. आमची अडचण पैशाची किंवा जागेची नव्हती. अडचण अण्णांच्या नियमाची होती.

त्या काळात आम्ही पाठचिकित्सेवर एका शिबिरात व्याख्याने देत होतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये असे बजावून ठेवले, हे आम्ही तिथे भक्तिभावाने सांगत असू. नरोटीची ती उपमा मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. दिवसा हे सांगायचे आणि संध्याकाळी अण्णांच्या गाडीत मारुतीचा पंखा घालायचा? आम्हांला ते प्रक्षेपासारखेच वाटे. मिस्त्रींना हे समजावण्याचा एकदा प्रयत्न केला. ते शांतपणे म्हणाले, "सर, पोथी उकळत नाही."

अखेरीस आम्ही तयार झालो. पण मिस्त्री प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, आधी रोग पाहू, मग औषध. त्यांनी रेडिएटर उतरवला, वरखालच्या टाक्या उघडून नळ्यांतून सळ्या घातल्या. विटकरी रंगाचा गाळ निघाला. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व गरम पाण्याच्या भांड्यात टाकून उघडतो की नाही ते पाहिले. पंपाचा खुळखुळाट तपासला. "नळ्या तुंबलेल्या असतील तर दहा पंखे लावले तरी फुकट," हे त्यांचे वाक्य आम्ही नंतर वर्गात वेगळ्या संदर्भात वापरले आहे.

मग जुना पंखा काढायचा दिवस आला. पट्टा काढावा लागला नाही. तो पंप आणि डायनामो यांच्यासाठी हवाच होता. फक्त पाती उतरवायची आणि पुलीसाठी आखूड बोल्ट लावायचे. पाती हातात आली तेव्हा मिस्त्री थबकले. पात्यांची भोके गोल नव्हती, कानशीने लांबट केलेली होती. "सर, हा पंखा या गाडीचा नाही. कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा आणून बसवलाय."

आम्ही घरी येऊन अण्णांची गाडीची वही काढली. पेट्रोल, किलोमीटर, पाणी, तेल, असे रकाने; बारीक, उजवीकडे झुकलेले अक्षर. १९८७ च्या मे महिन्यात एक ओळ सापडली : पंखा बदलला, आधीच्यापेक्षा दोन पाती जास्त, घाटासाठी. जुना भंगारात दिला. खाली रक्कमही होती. आईला विचारले तर ती हसली. "अरे, त्यांनीच बदलला. तू शाळेत होतास. आवाज वाढला म्हणून आठ दिवस कुरकुरत होते."

ज्या वस्तूला आम्ही मूळ पाठ समजून जपत होतो तो स्वतःच एक पाठभेद होता. 'आहे तशी ठेवायची' असे सांगणाऱ्या माणसाने, घाटात बायकामुले उन्हात बसतात हे पाहून, नियम मोडला होता. आणि आमच्यासारखा त्याचा गाजावाजा केला नव्हता, वहीत एक ओळ लिहिली होती.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची आम्हांला तेव्हा आठवण झाली. वि. स. सुखठणकरांनी सिद्ध केलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि सबंध काम १९६६ मध्ये. त्या आवृत्तीचे थोरपण निवडलेल्या पाठात आहेच. पण नाकारलेले पाठ तिने फेकून दिले नाहीत, यातही आहे. ते पृष्ठाच्या तळाशी आणि परिशिष्टांत छापलेले आहेत. उद्या कोणाला संपादकाचा निर्णय चुकीचा वाटला तर त्याच पानावरून उलट जाता येते. आम्ही विद्यार्थ्यांना हे तंत्र म्हणून शिकवत होतो. ती एक नीती आहे, हे इतक्या उशिरा, तेलकट हातांनी कळले. निष्ठा म्हणजे हात न लावणे, अशी आमची समजूत होती. हात लावल्याची खूण आणि परतीची वाट ठेवणे, हा तिचा अधिक कठीण अर्थ आहे. अण्णांनी खूण ठेवली, पण जुना पंखा भंगारात दिला. आम्हांला निदान वाट तरी ठेवता येणार होती.

त्यामुळे आम्ही मिस्त्रींना एक अट घातली : गाडीच्या पत्र्यात एकही नवे भोक पाडायचे नाही. त्यांनी ती पाळली. रेडिएटर ज्या बोल्टांवर बसतो त्याच बोल्टांत लोखंडी पट्ट्या अडकवून पंखा धरला. पंपाच्या नाकासमोर जागा अपुरी होती, म्हणून तो थोडा बाजूला सरकवला. काही जण प्लास्टिकच्या पट्ट्या थेट रेडिएटरच्या जाळीतून ओवून पंखा बांधतात. थरथरीने त्या नळ्या कापतात, हे मिस्त्रींनी एक फुटका रेडिएटर दाखवून समजावले. तापमानाचा स्विच ९२ अंशांना लागणारा आणि ८७ ला सुटणारा. पंख्याचा सगळा प्रवाह त्या नाजूक स्विचमधून जाऊ नये म्हणून मध्ये रिले, आणि बॅटरीजवळ फ्यूज. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा पंखा जोमाने फिरला, पण काटा उतरेना. मिस्त्रींनी वर्तमानपत्राचा तुकडा जाळीसमोर धरला; तो चिकटण्याऐवजी उडून गेला. तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या आणि पंखा वारा आत ओढण्याऐवजी समोर ढकलत होता. तारांची अदलाबदल केली, कागद जाळीला चिकटून बसला.

परंतु एका पाठाला हात लावला की शेजारचा पाठही हलतो. आमच्या गाडीतला डायनामो इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही. आणि विजेच्या पंख्याला वीज लागते ती नेमकी तेव्हाच. मिस्त्रींनी अल्टरनेटरचे सुचवले होते. आम्ही, निदान एवढे तरी मूळचे राहू दे, म्हणून नकार दिला. आठवडाभरातच एका पावसाळी संध्याकाळी, दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालू असताना, सिग्नलला इंजिन बंद पडले आणि बॅटरीत ते पुन्हा फिरवण्याइतका जीव उरला नव्हता. दोन अनोळखी मुलांनी गाडी ढकलली. दुसऱ्या दिवशी अल्टरनेटर बसला. अर्धवट निष्ठा ही अर्धवट बदलाइतकीच त्रासाची असते.

एक गोष्ट मात्र गेली, आणि तिची भरपाई नाही. अण्णांच्या पंख्याला घोंघावणारा आवाज होता; गाडीचा वेग वाढला की तो चढत जाई. गल्लीच्या वळणावर तो ऐकू आला की आई चहाचे आधण ठेवी. पंखा बदलल्यावर गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा आई खिडकीत नव्हती. तिला कळलेच नाही. बाहेर येऊन तिने गाडीकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "आवाज गेला की रे." आम्ही काय बोलणार? चिकित्सित आवृत्तीत सगळे पाठभेद नोंदवता येतात. पाठकाचा गळा नोंदवता येत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही वाईला गेलो. खंबाटकीच्या चढणीवर मालमोटारींची रांग होतीच. काटा वर सरकला, कुठेतरी रिलेचा बारीक 'टक्' झाला, पंखा घरघरला आणि काटा परत खाली आला. आईने विचारले, "हा कसला आवाज?" आम्ही सांगितले. अण्णा जिथे गाडी थांबवत तो कठडा आला तेव्हा ती म्हणाली, "थांब जरा इथे." गाडी तापलेली नव्हती, थांबण्याचे कारण नव्हते. तरी थांबलो. तिने डबा उघडला.

परतल्यावर जुना पंखा पुसून, तेलाचा हात देऊन, खोक्यात घातला. सोबत काढलेले बोल्ट आणि डायनामो. खोक्यावर चिठ्ठी लावली. मग अण्णांच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली, तारीख घालून लिहिले : पंखा बदलला. विजेचा. घाटासाठी. जुना माळ्यावर आहे.