नवी मुले आणि आपला कंपू



महाराष्ट्रातून आलेले पाहुणे आपल्या मोहल्ल्याचे नाव ऐकून हसतात. तिकडे 'कंपू' म्हणजे आपापला गट करून बसलेली मंडळी. आपल्याकडे हा शब्द फौजेतून आला. महादजी शिंद्यांसाठी द बॉयनने ज्या कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना कंपू म्हणत. छावणी या अर्थाच्या युरोपीय शब्दाचेच ते रूप. पुढे 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि तिचेच लष्कर शहर झाले. थोडक्यात, आपल्या सर्वांचे पूर्वज येथे तंबूत राहायला आले होते.

हे सांगण्याचे कारण असे की गेल्या काही वर्षांत आपल्या शाळेत मराठी घरांतील मुले कमी झाली असून टीकमगढ, छतरपूर, शिवपुरी, श्योपुर या बाजूंनी कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले वाढली आहेत. कोणाचे वडील राजमिस्त्री आहेत, कोणाची आई चार घरची धुणीभांडी करते. समाजातील काही ज्येष्ठ मंडळी आम्हांला विचारतात, "आपल्या शाळेने हा व्याप कशासाठी करायचा?" प्रश्न रागाने विचारलेला नसतो, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवे.

एक उत्तर कायद्याचे आहे. शिक्षणाचा अधिकार कायदा 2009 चा, तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे आणि मागे पडलेला अभ्यास विशेष शिकवणीने भरून काढावा, असे त्यात म्हटले आहे. कागदावर ही एक ओळ. प्रत्यक्षात बारा वर्षांचा मुलगा सातवीत बसतो, त्याला दुसरीचे पुस्तक अडखळत वाचता येते, आणि शेजारच्या मुलीला ते कळू नये म्हणून तो दिवसभर तोंड उघडत नाही. टी.सी. नाही, समग्र आयडी दुसऱ्या जिल्ह्याचा, हे तर वेगळेच. ते काम आमचे बाबू करतात आणि चांगले करतात.

न बोलण्याचे आणखी एक कारण बोली. घरी बुंदेली आणि वर्गात पुस्तकी हिंदी. आपल्या एक निवृत्त काकू आठवड्यातून दोन दिवस शिकवायला येतात. पहिल्याच दिवशी एका मुलीने त्यांना "काय?" विचारले. काकूंना वाटले पोरगी मराठी बोलली, आणि त्या मराठीतच सुरू झाल्या. बुंदेलीत 'काय' म्हणजे 'का'. मुलगी विचारत होती की हे कशासाठी वाचायचे. याच्या उलटही घडते. बदलीमुळे महाराष्ट्रातून आलेल्या एका मुलीने 'शिक्षा विभाग' अशी पाटी वाचली आणि तेथे मुलांना दंड करतात की काय, असे घाबरून विचारले! आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्यामुळे ही ओढाताण आम्हांला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

शिकवणी अशी चालते. शाळा सुटल्यावर चाळीस मिनिटे नववी-अकरावीची मुले एकेका नव्या मुलाला घेऊन बसतात. आरंभी पुस्तक नाही. दुकानांच्या पाट्या, बसवरची नावे, औषधाचे पाकीट. 'जयारोग्य' हा शब्द तर सगळ्यांनाच लवकर येतो, कारण घरातले कोणी ना कोणी त्या इस्पितळात गेलेले असते. जोडाक्षरे त्यातच होतात. गणिताचे निराळे. विटांचा व मजुरीचा हिशेब ही मुले तोंडी करतात, पण तोच भागाकार कॉपीवर मांडायचा म्हटले की हात थांबतो. त्यांना हिशेब शिकवायचा नसतो, फक्त मांडणी दाखवायची असते. हे कळायला आमच्या अकरावीच्या मुलांना एक महिना लागला.

तरी ही मुले घरच्यासारखी वावरत नव्हती. शिकवणीला येत, मान खाली घालून शिकत आणि जात. सदा घेणाऱ्याच्या जागी बसलेले मूल उपकाराखाली दबते, असे आमचे मत आहे.

मग कबड्डीच्या सामन्यांपूर्वी एक गोष्ट घडली. मुलींचे मैदान 12 बाय 8 मीटरचे आखायचे होते. नववीच्या मुलांनी चुना टाकला, पण चौकोन एका बाजूला कलला. पायथागोरसचे प्रमेय त्यांना तोंडपाठ होते. सातवीतला एक नवा मुलगा, वडील मिस्त्री, बराच वेळ पाहत उभा होता. शेवटी न राहवून म्हणाला, "भैया, गुनिया नहीं मिल रहा." त्याने सुतळी मागितली, एका बाजूला तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट येईपर्यंत सुतळी सरकवली. कोपरा काटकोनात आला. शेवटी दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत हेही दाखवले. गणिताच्या सरांनी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात त्यालाच फळ्यासमोर उभे केले.

त्यानंतर आम्ही नियम केला की प्रत्येक नव्या मुलाकडे महिन्याभरात एक काम सोपवायचे, आणि ते असे असावे की त्याने केले नाही तर इतरांचे अडेल. पाण्याच्या टाकीची नोंद, गणेशोत्सवाच्या मंडपाचे सामान, पहिली-दुसरीला गोष्ट वाचून दाखवणे. ही कल्पना काही आमची नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची खेड्यांतली मुले एकत्र राहत आणि स्वयंपाकापासूनची कामे स्वतः करीत. आश्रित म्हणून तेथे कोणी नव्हते.

ज्येष्ठांना आमचे दुसरे उत्तरही येथेच आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशांपाशी शिकले आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. बाहेरच्या मुलाला शिकवले म्हणून ग्वाल्हेरचे काही कमी झाले नाही.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. ही मुले टिकत नाहीत. ठेकेदाराचे काम संपले की कुटुंब दुसऱ्या शहरी जाते. सुतळीवाला मुलगाही दिवाळीनंतर गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी तो चुन्याची बादली, सुतळी आणि मापाची पट्टी श्योपुरच्या एका मुलाकडे देऊन गेला. त्याला गुनिया कसा मिळवायचा ते अर्धा तास शिकवत होता. त्या मुलाच्या शिकवणीचे चाळीस मिनिट त्या दिवशी तेथेच गेले. टी.सी. आम्ही त्याच दिवशी वडिलांच्या हाती दिली, म्हणजे पुढच्या शाळेत कागदासाठी वर्ष जाऊ नये.

या सत्रात शिकवणीसाठी सोमवार ते गुरुवार सायंकाळी आणखी पाच-सहा जणांची गरज आहे. बुंदेली येत असल्यास फारच उत्तम. माजी विद्यार्थ्यांनी व गृहिणींनी शाळेच्या कार्यालयात नाव द्यावे. घरी मोठ्या अक्षरांची गोष्टींची पुस्तके असतील तर तीही पाठवावीत, हिंदी असोत वा मराठी.