पान फाटलेले नव्हते

आमच्या घरी मगरिबनंतर थोडा वेळ मोठ्याने वाचन चालते. दादीला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून सातवीतली मुलगी वाचते आणि पडवीत जे कोणी असतील ते ऐकतात. कधी दीनी मासिक, कधी रविवारची पुरवणी, दिवाळीनंतर दिवाळी अंक. दादी आमची आई, पण मुलांमुळे ती घरातल्या सगळ्यांचीच, आणि आता निम्म्या गल्लीची, दादी झाली आहे.

गेल्या दिवाळीनंतर, आम्ही बरीच वर्षे वर्गणी भरत आलेल्या एका मासिकाचा अंक वाचला जात होता. त्याच्या मुखपृष्ठावर 'संपूर्ण कुटुंबासाठी' असे छापलेले असते. कथा एका ट्रकवरच्या क्लीनर पोराची होती आणि चांगली होती. दादी तर सुपारी कातरायची थांबून ऐकत होती. मालक पोरावर ओरडतो, तिथे मुलगी एकदम थबकली. पुढच्या ओळीवर उडी मारून पाहिली, पण वाक्य जुळेना.

"का गं थांबलीस? पुढे वाच."

"पान फाटलंय, दादी."

दादीला अक्षर दिसत नाही, पण नातीचा आवाज कळतो. "असू दे, ठेव मग," एवढेच ती म्हणाली आणि उठली. आम्ही अंक हातात घेतला. पान फाटलेले नव्हते. मालकाच्या तोंडी आईवरून एक पूर्ण शिवी होती. पुढच्या दोन पानांत आणखी चार.

शिवी आम्ही पहिल्यांदा पाहिली असे नाही. एका छापील शब्दापायी पोरीला दादीशी खोटे बोलावे लागले, ते लागले. आम्ही संपादकांना पत्र लिहिले. उत्तर आले, तेही सभ्यपणे. समाज जसा बोलतो तसेच कथेतल्या माणसांनी बोलायला हवे, असे त्यांचे म्हणणे. शेवटी एक प्रश्न होता: तुमच्या जोह्यात कोणी शिव्या देत नाही का?

देतात की. पेण तालुक्यात हमरापूर-जोहे म्हटले की गणपतीचे कारखाने. गणेशोत्सव जवळ आला की रात्र-रात्र काम चालते. टेम्पोत मूर्ती चढवताना एखादा हात नाही तर कान तुटला की काय काय ऐकू येते ते लिहायची सोय नाही. पण दादी दुपारी त्याच वाटेने जाते, तेव्हा आतून आवाज येतो, "ए, दादी आली रे," आणि तोंडे बंद होतात. कारखानदाराची आई चहा घेऊन आली तरी तसेच. त्यासाठी कोणी कायदा केला नाही की पाटी लावली नाही. समोर कोण आहे ते पाहून जीभ आवरणे हेही गावातले वास्तवच आहे. संपादकांना निम्मेच वास्तव कसे दिसले?

कोर्टात जा, असे एका नातेवाइकाने सुचवले. आम्हाला ते पटले नाही. मराठीत दिवाळी अंकावरून असा खटला पूर्वी झालेला आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा आरोप झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला २५ रुपये दंड केला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेखही किशोरांना वर्ज्य मानला, तर त्यांनी फक्त धार्मिक पुस्तकेच वाचायची का, असा न्यायालयाचा रोख होता. धार्मिक पुस्तके घरात असलेल्या आम्हालाही तो बरोबर वाटतो. पुढे मार्च २०२४ मध्ये, 'कॉलेज रोमान्स' या वेब मालिकेच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असेही स्पष्ट केले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आमची तक्रार बहुधा तक्रारच नाही. प्रेस कौन्सिल आहे, पण तिथेही आधी संपादकांना लिहा, असाच नियम आहे, आणि ते आम्ही केले होते.

बंदी आम्हाला नकोच आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. तो हातात घेणाऱ्याला आपण कुठल्या वस्तीत शिरतो आहोत ते ठाऊक असते, आणि त्या वस्तीने काय सोसले ते गोड शब्दांत सांगता आले नसते. सिनेमाला प्रमाणपत्र असते, ओटीटीवर वयाचा आकडा येतो. मासिकाला मात्र मुखपृष्ठावरच्या त्या दोन शब्दांखेरीज काही नसते, आणि आम्ही त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून अंक मुलीच्या हाती दिला होता.

तेवढ्यात घरातच एक प्रकार घडला. चाचा फोनवर कोणावर तरी तापले आणि मासिकातलीच शिवी, जरा आखूड करून, पडवीत ऐकू आली. मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही तिच्याकडे पाहायचे टाळले. संपादकांना लिहिताना आम्ही दोन पाने भरली होती, चाचांना मात्र आजवर एक वाक्य बोललो नव्हतो.

बोलली ती दादीच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्याच आई-बापाला शिवी देणे हे मोठ्या गुनाहांत गणले. सहाबांना नवल वाटले, असे कोण करील? तेव्हा त्यांनी समजावले की तुम्ही दुसऱ्याच्या बापाला, आईला शिवी देता, तो उलटून तुमच्या देतो. दादीने हे सांगितले आणि चाचांना विचारले, "म्हणजे आत्ता तू कोणाला दिलीस?" चाचा काही बोलले नाहीत. बायका तिथे बसल्या होत्या, आणि आपल्या बहुतेक शिव्या बायकांवरच येऊन पडतात, हे बहुधा त्यांच्याही ध्यानात आले.

कुरआनात तर, लोक अल्लाहशिवाय ज्यांना पुकारतात त्यांनाही अपशब्द बोलू नका, कारण मग तेही उलटून न जाणता अल्लाहला बोलतील, अशी ताकीद आहे. जोह्यात, मूर्तींच्या कारखान्यांना लागून घर असताना, ती आमच्या वडिलांनी आयुष्यभर पाळली. म्हणूनच तर शेजारचे दिवाळी अंक आमच्याकडे येतात आणि आमचे मासिक त्यांच्याकडे जाते.

संपादकांना दुसरे पत्र आम्ही लहान लिहिले. कथा छापा, मालकाला तापट राहू द्या. पण एक तर मुखपृष्ठावरचे ते दोन शब्द काढा, नाहीतर जुने मराठी छापखाने करत तसे करा, फुल्या घाला. फुल्या पाहून मोठ्यांना सगळे कळते आणि लहानांना जेवढे कळायचे तेवढेच कळते. त्या पत्राला अजून उत्तर नाही. वर्गणीची मुदत मार्चमध्ये संपते, भरायची की नाही यावर घरात दोन मते आहेत.

मागच्या आठवड्यात दादीने आपण होऊन विचारले, "त्या क्लीनर पोराचं पुढे काय झालं गं?" मुलीने अंक काढला, पेन्सिलने पाच ठिकाणी फुल्या मारल्या आणि पहिल्यापासून वाचायला घेतले. मालक ओरडला तिथे ती न अडखळता म्हणाली, "फुल्या फुल्या फुल्या."

"एवढ्याच?" दादीने विचारले, आणि चाचाच सगळ्यात आधी हसले.