कॉम वन

खूप दिवसांनी लिहायला बसलोय. मधले दोन वीकेंड एका लॅपटॉपने खाल्ले. तोही माझा नाही, काकांचा.

तर झालं असं. सांगलीच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमच्या काकांचा वजनकाटा आहे. (ज्यांनी कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जमिनीत बसवलेला मोठा प्लॅटफॉर्म, खाली लोडसेल, केबिनमध्ये लाल आकडे दाखवणारा इंडिकेटर, आणि त्याला एका केबलने जोडलेला कॉम्प्युटर, जो पावती छापतो.) उसाच्या हंगामात रात्रंदिवस ट्रॉल्या येतात. कारखान्याच्या काट्यावर जायच्या आधी शेतकरी बाहेर वजन करून घेतो, कारण काटामारीचा संशय कुणाच्याच मनातून जात नाही. तिथे फरक निघाला तर भांडायला हातात कागद लागतो. छापील, तारीख-वेळ घातलेला.

ऐन हंगामात काकांचा विंडोज ७ चा डेस्कटॉप गेला. मदरबोर्डच. काकांचा फोन आला, "तू सांगशील तो घेतो." मी काय, लगेच शड्डू ठोकून तयार. बिझनेस लॅपटॉपच घ्या म्हटलं. विंडोज ११, १६ जीबी रॅम, एसएसडी, तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी, कीबोर्डवर चहा सांडला तरी चालतो (काट्यावर चहा सांडतोच). प्रोसेसरच्या जनरेशनवर तर मी फोनवर त्यांना दहा मिनिटं लेक्चर दिलं. फक्त एक गोष्ट विचारली नाही. याला जोडायचं काय आहे?

लॅपटॉप पोचला त्या संध्याकाळी काकांचा फोन. "अरे, ती नऊ टाचण्यांची वायर कुठे लावायची?"

बोंबला. इंडिकेटर सिरियल पोर्टवर बोलतो. आजकालच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, हे मला माहीत होतं. पण आठवलं नाही, कारण मी काटा पाहतच मोठा झालो आणि त्याच्यामागची वायर कधी पाहिलीच नाही.

शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघालो. तोवर काट्यावर चार दिवस हाताने लिहिलेल्या पावत्या चालू होत्या. मी पोचलो तेव्हा एक शेतकरी पावती परत टेबलावर ठेवून म्हणत होता, "पाव्हणं, हे तुम्ही पेनानं लिवलेलं. कारखान्यावर कोण मानणार?" आणि ट्रॅक्टर पुढच्या काट्याकडे. काका मला काही बोलले नाहीत. चहा सांगितला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तपकीर गल्लीतून घेतलेला यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर सोबत नेला होता. लावला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि नावाच्या जागी चक्क एक वाक्य: 'फेज्ड आउट सिन्स २०१२. प्लीज काँटॅक्ट युवर सप्लायर.' म्हणजे हार्डवेअर धडधाकट, पण ड्रायव्हर म्हणतो मी याला ओळखत नाही. या चिपच्या बनावट प्रती बाजारात इतक्या आल्या की नव्या ड्रायव्हरमध्ये जुनी मॉडेलंच बंद करून टाकली. त्यात खऱ्या जुन्या चिपही गेल्या. यापेक्षा भारी किस्सा ऑक्टोबर २०१४ मधला आहे. एफटीडीआय या दुसऱ्या चिप कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने बनावट चिपमधला प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकला. लोकांची चालू यंत्रं एका रात्रीत अनोळखी झाली. आरडाओरडा झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. नकली माल विकणारा पैसे घेऊन कधीच गेलेला असतो, फटका बसतो तो विकत घेणाऱ्याला. आमच्याकडे तर काट्यासमोर उभ्या असलेल्या ट्रॉलीला.

असो. जुना ड्रायव्हर शोधून 'लेट मी पिक' मधून हाताने बसवला. पोर्ट आला, पण कॉम ५ म्हणून. काकांचं सॉफ्टवेअर व्हीबी ६ मध्ये लिहिलेलं, त्यात कॉम १ पक्का ठोकलेला, आणि ते लिहिणारा गृहस्थ धंदा बंद करून गेलेला. अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन पोर्टचा नंबर बदलला. मग ते सॉफ्टवेअर एमएसकॉम३२.ओसीएक्स मागायला लागलं. ती फाइल सिसवाव६४ या फोल्डरमध्ये टाकून तिथूनच रजिस्टर करावी लागते. (६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटच्या फायली '६४' नावाच्या फोल्डरात आणि ६४ बिटच्या 'सिस्टिम३२' मध्ये. ज्याने हे ठरवलं त्याला साष्टांग नमस्कार.) एवढं करून पडद्यावर नुसती गिचमिड अक्षरं. बॉड रेट चुकत होता. रॅममध्ये नाही, गुगलवर नाही, उत्तर होतं केबिनच्या भिंतीवर! काट्याच्या मेकॅनिकने कधीकाळी स्केचपेनने लिहून ठेवलेलं: २४००, एन, ८, १. रात्री अकराला पहिली पावती छापली. काकांनी ती दिव्याखाली धरून पाहिली आणि घडी घालून खिशात ठेवली.

पहाटे पाचला पोरगा उठवायला आला. "दादा, पुन्हा गेलं." विंडोज अपडेटने रात्रीत नवा ड्रायव्हर परत बसवला होता. मी पुन्हा जुना बसवला, अपडेट आठवडाभर पॉज केलं आणि दुसऱ्या, आजही सपोर्ट असलेल्या चिपचा कन्व्हर्टर मागवला. मला वाटलं, संपलं.

नाही संपलं. आणि खरं लिहायचंय ते हेच.

गुरुवारी रात्री तासभर काटा रिकामा होता. लॅपटॉप झोपी गेला. ट्रॉली आली, पोराने तो उठवला, पावती छापली, शेतकरी गेला. दहा मिनिटांनी दुसरी ट्रॉली. वजन तेच: २४,३८० किलो. पोरगा हुशार, त्याने इंडिकेटरकडे पाहिलं. लाल आकडा वेगळा होता. झोपेतून उठल्यावर पोर्टचं कनेक्शन तुटलं होतं आणि सॉफ्टवेअर शेवटचा मिळालेला आकडा दाखवत बसलं होतं. ना एरर, ना बीप. म्हणजे आधीच्या माणसाच्या हातात त्याच्याही आधीच्या ट्रॉलीचं वजन होतं, काकांच्या नावाने छापलेलं.

काकांनी पोराला मोटरसायकलवर पिटाळलं. कारखान्याच्या रांगेत गाठून त्याने ती पावती परत घेतली, पैसे परत दिले. मला हे शुक्रवारी फोनवर कळलं. पोटात गोळा आला. आमच्याकडे प्रॉडक्शनला बग गेला तर तिकीट उघडतात, इथे एका माणसाने खोटा कागद घेऊन काट्यावर भांडण काढलं असतं.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा सांगली. नवा कन्व्हर्टर लावला, त्याचा ड्रायव्हर बसवला, त्याला कॉम १ दिला. स्लीप बंद, झाकण मिटलं तरी स्लीप नाही, यूएसबीची वीजबचत बंद. मग मुद्दाम वायर उपटून पाहिली. आकडा तसाच गोठला. सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कुणाकडेच नाही, तेव्हा ते मला दुरुस्त करता येणार नाही. काकांना तसं सरळ सांगितलं. नवीन लिहून देतो म्हटलं, पण हंगाम संपल्यावर.

"मग तोवर?" काका म्हणाले.

मी काही बोलायच्या आत त्यांनी स्केचपेन काढला आणि भिंतीवर '२४००, एन, ८, १' च्या खाली लिहिलं: लाल आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळला तरच छापणे.