धाव संपल्यानंतरचं काम

लांब पल्ल्याची डोंगरधाव संपल्यावर सगळ्यात जपायचा दिवस कोणता, असं नवे धावपटू विचारतात. मी शर्यतीच्या दुसऱ्या दिवसाचं नाव घेत नाही. त्या दिवशी शरीरच माणसाला आवरतं. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, जिना कठड्याला धरून, पाठमोरं उतरावा लागतो. अशा माणसाला धावू नको म्हणून बजावावं लागत नाही. जपायचा दिवस त्यानंतर आठवड्याभराने येतो. सकाळी जिना उतरताना एकदम लक्षात येतं की काहीच दुखत नाहीये. दाराशी बूट असतात, हवा छान गार असते आणि पायांना हुरूप आलेला असतो. दुखणं गेलेलं असतं, पण झीज भरून आलेली नसते. या दोन गोष्टींमधले जे दिवस असतात, ते निभावणं हे धावण्याइतकंच शिकून घ्यायचं काम आहे.

मी लखनौत राहतो आणि आंब्याच्या बागांच्या कामासाठी पंचवीसेक किलोमीटरवरच्या मलिहाबादला जातो. धावायला मात्र मन सह्याद्रीकडेच ओढ घेतं. सिंहगड, राजगड आणि तोरणा ही पुण्याच्या डोंगरभटक्यांची जुनी, नावाजलेली वाट. याच तीन गडांवरून डिसेंबरात एसआरटी अल्ट्रा धावली जाते. तिचा पन्नास किलोमीटरच्या आसपासचा पल्ला म्हणजे तीन किल्ल्यांचा चढ आणि तेवढाच उतार. चढ दम काढतो, पण खरी किंमत उतार वसूल करतो. तोरण्यावरून वेल्ह्याकडे उतरताना घसाऱ्यावर पाय टाकला की मांडीचा पुढचा स्नायू शरीराचं सगळं वजन रोखून धरतो. तो आकसण्याची धडपड करत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. हा ब्रेक हजारो वेळा लागतो आणि दर वेळी स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होत राहते.

पायांत लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणून दुखतंय, असं अजूनही सर्रास म्हटलं जातं. ते ॲसिड धाव थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातून निघून गेलेलं असतं. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला पोहोचतं, कारण ते इजा झालेल्या तंतूंभोवतीच्या दाहाचं असतं. दाह ओसरला की ते थांबतं. तंतूंची डागडुजी आणि गेलेली ताकद परत येणं हे त्यापुढेही चालू राहतं. मोठ्या धावेनंतर त्याला काही आठवडे लागू शकतात. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्यांची भरपाई आणखी सावकाश होते. दुखण्याला घड्याळ मानलं, तर ते नेहमी पुढेच धावतं.

पहिल्या दिवसाची कामं साधी असतात, पण ती वेळेवर व्हावी लागतात. धाव संपवून वेल्ह्यात थांबल्या थांबल्या मी मटकन खाली बसत नाही; थोडं चालतो, ओले कपडे बदलतो, बुटांतून सुजलेली पावलं मोकळी करतो. मग भात, वरण, केळी, जे पोटात जाईल ते. स्नायूंमधला साखरेचा साठा संपलेला असतो, आणि तो भरायला भाताइतकं सोयीचं काही नाही. पाणी तहानेप्रमाणे घ्यायचं, सोबत मीठ घालून लिंबाचं सरबत किंवा ताक. घामावाटे मीठ गेलेलं असताना नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो आणि जिवावरही बेतू शकतं.

दुसरी गोष्ट लघवीच्या रंगाची. ती सांगताना लोक संकोचतात, म्हणून मी ती मुद्दाम सांगतो. फुटलेल्या स्नायूंमधलं प्रथिन रक्तात उतरतं आणि ते गाळायचं काम मूत्रपिंडांवर येऊन पडतं. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडलंय. कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी तपकिरी झाली, अगदीच कमी झाली किंवा बंद झाली, तर सकाळपर्यंत वाट न बघता इस्पितळ गाठायचं. याच कारणाने धावेच्या आदल्या-नंतरच्या दिवसांत आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं मी तोंडात टाकत नाही. मूत्रपिंडं आधीच ओझ्याखाली असताना ही औषधं त्यांचा रक्तपुरवठा कमी करतात.

मग परतीचा प्रवास. मुंबईहून पुष्पक एक्सप्रेसने लखनौ म्हणजे जवळजवळ एक दिवस-रात्र. खालचा बर्थ मागून घ्यायचा, बॅगेवर पाय उंच ठेवायचे आणि दर तासा-दीड तासाने डब्यातून एक फेरी मारायची. लांब धावेनंतर तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की सूज उतरत नाही, आणि पोटरीच्या शिरांत रक्त साकळायचं भय वाढतं. पहिल्या रात्री झोप बहुधा लागत नाही. शरीर थकलेलं आणि तरी चेतवलेलं असतं. त्या न लागलेल्या झोपेचा बाऊ करायचा नाही. पुढच्या आठ-दहा रात्रींची झोप मात्र सोडायची नाही, कारण दुरुस्तीचा मोठा हिस्सा गाढ झोपेतच होतो.

मलिहाबादला पोहोचतो तेव्हा बागा दाट धुक्यात असतात. इथला राजा दशहरी. त्याचं मूळ झाड जवळच्याच दशहरी गावात आजही उभं आहे. डिसेंबरात पाहणाऱ्याला वाटतं की बागेत काहीच चाललेलं नाही. पाणीसुद्धा बंद केलेलं असतं, कारण या दिवसांत पाणी दिलं तर झाड पालवीच्या मागे लागतं आणि मोहोर हुकतो. बागवान खोडांना जमिनीपासून हातभर उंचीवर प्लास्टिकचा पट्टा गुंडाळून त्याच्या कडेला ग्रीस फासत असतात. मातीतल्या अंड्यांतून निघणारी मिलीबगची पिल्लं, ज्यांना इथे गुझिया म्हणतात, ती या पट्ट्यावरून घसरतात आणि झाडावर चढू शकत नाहीत. मोहोर यायला अजून दोनेक महिने असतात. त्याची राखण मात्र आतापासून सुरू होते.

या बागांमधून रोज सकाळी सावकाश चालणं हा माझा पहिल्या आठवड्याचा सगळा व्यायाम. भुसभुशीत, सपाट जमीन, चढ नाही, उतार तर नाहीच. रक्ताभिसरण चालू राहतं, पायांवर नवा मार बसत नाही.

दशहरीची खोड हापूसवाल्यांना वेगळी सांगायला नको. एका वर्षी झाड फळांनी वाकतं आणि पुढच्या वर्षी हात आखडतं. फळं उतरल्यावर नवी फूट वेळेत येऊन पक्व व्हावी लागते. भरघोस पिकाने साठा संपलेलं झाड तेवढं करू शकत नाही, आणि मोहोर हुकतो. कोकणात कल्टार हे वाढरोधक देऊन झाडाला मोहोरायला लावता येतं, इथेही ते वापरतात. पण त्याच्या जोडीला खतपाणी वाढवलं नाही तर झाड आतून खंगत जातं.

याहून जास्त मला शिकवलं ते छाटलेल्या झाडांनी. मलिहाबादच्या कित्येक बागा चाळीस-पन्नास वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. फांद्या एकमेकींत घुसलेल्या, आत ऊन पोहोचत नाही, फळ नावाला. रहमानखेड्याच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने अशा बागांसाठी पुनरुज्जीवनाची पद्धत रुजवली. डिसेंबर-जानेवारीत मोठ्या फांद्या जमिनीपासून तीन-चार मीटरवर कापायच्या. करवत आधी खालच्या बाजूने थोडी चालवायची, म्हणजे फांदी तुटताना साल खोडापर्यंत सोलत जात नाही. मग उघड्या कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइडचा लेप. वसंतात कापलेल्या फांद्यांवरून फुटव्यांचे झुबके फुटतात. त्यातले मोजके, जोमदार, बाहेरच्या बाजूचे राखून बाकीचे काढायचे. पहिल्या पावसाळ्यातच झाड असं गर्द हिरवं होतं की मालकाला वाटतं, झालं, आता येत्या हंगामात आंबा. तसं होत नाही. फळाला दोन-तीन वर्षं जावी लागतात. त्या काळात मधल्या मोकळ्या जमिनीत भाजीपाला घेऊन बागवान घर चालवतो, आणि झाडाकडून मात्र काही मागत नाही.

दुखणं थांबलेले पाय म्हणजे त्या पहिल्या पावसाळ्यातलं झाड. वरून सगळं हिरवं, आतली भरपाई अर्धी. फरक एवढाच की झाडाला घाई नसते. ती माणसाला असते, आणि हल्ली मनगटावरचं घड्याळ व गटातल्या मित्रांचे आकडे ती आणखी वाढवतात.

म्हणून मी दुखण्याला विचारत नाही, खुणांना विचारतो. अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजतो. ती नेहमीपेक्षा पाच-दहा ठोक्यांनी चढी असेल तर तो दिवस फक्त चालायचा. एका पायावर खुर्चीतून सावकाश उठतो आणि तितक्याच सावकाश बसतो. शेवटच्या वितीत अंग धपकन सोडावं लागलं, तर मांडी अजून तयार नाही. जिना हात न लावता, बोलत बोलत उतरता येतो का, ते बघतो. आणि घरच्यांना विचारतो की मी चिडचिड करतोय का. भूक, झोप आणि स्वभाव हे तिन्ही जागेवर आले की शरीर सावरत आल्याची ती बऱ्यापैकी भरवशाची खूण असते.

न्यूझीलंडचा जॅक फॉस्टर १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, २ तास ११ मिनिटांच्या मॅरेथॉनसह रौप्यपदक घेऊन गेला. शर्यत जितक्या मैलांची, तितके दिवस कठीण धावणं नाही, हा त्याच्या नावाने चालत आलेला हिशोब. पन्नास किलोमीटर म्हणजे एकतीस मैल, म्हणजे महिना. हा प्रयोगशाळेतला नियम नव्हे, पण चाळिशीपलीकडे त्या वेगाने धावणाऱ्या माणसाचा अनुभव म्हणून मला तो मोलाचा वाटतो. मी क्रम असा ठेवतो: आधी चालणं, मग सायकल, मग सपाटीवरची छोटी, रमतगमत धाव, मग चढ, आणि उतार सगळ्यात शेवटी. ज्याने इजा केली, त्याच्याकडे परतायचं ते ताकद पूर्ण आल्यावर.

आणि हे सगळं केवळ इजा टाळण्यासाठी नाही. उताराने फाटलेला स्नायू नीट भरून आला की पुढच्या उताराला जास्त टिकतो. तसाच मार पुन्हा बसला तर कमी दुखतो, कमी झिजतो. हे संरक्षण पुढे कित्येक आठवडे राहतं. तोरण्याच्या उतारावर जे कमावलं, ते वेल्ह्यात पदरात पडत नाही. ते मिळतं या महिन्यात, सपाटीवर चालताना आणि रात्री वेळेवर दिवा मालवताना. भरपाई अर्धी असताना उठून पळालेला धावपटू शर्यत पूर्ण करतो, पण तिची कमाई मागे सोडून येतो.

म्हणून नव्या धावपटूंना मी एवढंच सांगतो: शर्यतीचा अर्ज भराल तेव्हा दिनदर्शिकेत पुढचा महिनाही त्याच शाईने भरा. तो महिना शर्यतीतच मोजायचा असतो.