शिक्कामोर्तब

मुलांनो, परवा आमच्या बदलापूरच्या वर्गात एकाने प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकली. “सहीत काय एवढं, बाई?”

मी त्याला साडेतीनशे वर्षांपूर्वीचं पत्र सांगितलं. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या लष्कराला बजावलं : रयतेची भाजीसुद्धा फुकट घेऊ नका. रात्री दिवा विझवा. नाहीतर उंदीर पेटती वात नेईल, गवत जळेल, घोडे उपाशी मरतील! अशा पत्रांवर सही नसे. वर शिक्का, शेवटी मोर्तब. म्हणजे मजकूर इथे संपला, पुढे कुणी काही घुसडायचं नाही.

तो हळूच म्हणाला, “बाबांना सही येत नाही.”

दुसऱ्या दिवशी पुस्तकावर बाबांचा निळा अंगठा होता. तेच खरं मोर्तब, नाही का?